ट्रेसरबाई आणि परदेशातले बांध

गायकवाड बाईंच्या पिशवीत पावडरचा डबा असायचा, पण ती पावडर त्यांनी तोंडाला लावलेली आम्ही कधी पाहिली नाही. सकाळी न्हावऱ्याच्या आमच्या हॉलवर त्या सगळ्यांच्या आधी हजर असायच्या आणि दारात उभ्या राहून आत येणाऱ्या प्रत्येकाच्या तळव्यावर चिमूटभर पावडर टाकायच्या. तीर्थाला उभं राहावं तसे आम्ही ओळीनं हात पुढे करायचो. "चोळ नीट. घामट हातानं रेघ नासती," हे रोज ऐकायचो. हात कॉम्प्युटरच्या माउसवर जाणार होता, कागदावर नव्हे, आणि रेघ पडद्यावर उमटणार होती, हे त्यांना सांगून झालं होतं. त्यांना ते कळतही होतं. पण उभी नोकरी ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं नकाशे उतरवण्यात गेलेली. त्या कापडाला घाम लागला की शाई पसरते, म्हणून हाताला पावडर. ती सवय त्यांच्याबरोबर पाटबंधारे खात्यातून थेट आयटीत आली. परिणाम असा की आमचे माउस सारखे अडकायचे. त्या काळी माउसच्या पोटात रबरी गोळी असायची. आमच्यातला तानाजी ती काढून आतली पांढरी ढेकळं खरवडायचा आणि म्हणायचा, "बाई, पिठाची गिरन झालीया आत." माझ्या आईला वेगळीच शंका. मी संध्याकाळी वरवंडला घरी पोचले की माझे हात हुंगून म्हणायची, "हापिसात जाती का लग्नाला?"

आमचं हापीस म्हणजे दूध डेअरीच्या वरचा मजला. संजय सर मूळचे न्हावऱ्याचेच. इंजिनिअर होऊन पुण्यात काही वर्षं नोकरी केली आणि मग काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, गावात येऊन कॉम्प्युटर मांडून बसले. दोन हजार साल नुकतंच उलटून गेलं होतं. आयटी म्हणजे हिंजवडी, काचेच्या इमारती आणि गळ्यात पट्टा, एवढंच आम्हाला माहीत. पेपरात मात्र दर आठवड्याला नवं काहीतरी छापून यायचं. आज कॉल सेंटर, उद्या परदेशी डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायचं काम, परवा आणखी तिसरंच. संजय सर ही कात्रणं भिंतीला चिकटवायचे आणि म्हणायचे, "पुढची वाढ यात आहे बरं का." शेवटी त्यांनी नकाशांचं काम धरलं, कारण त्यात कुणाशी इंग्रजी बोलावं लागत नव्हतं. परदेशातल्या कुठल्यातरी जिल्ह्याचे विमानातून काढलेले फोटो पडद्यावर यायचे. त्यातले रस्ते, घरं, ओढे आणि शेतांच्या हद्दी माउसनं गिरवून काढायच्या, की नकाशा तयार. पुण्याची एक मोठी कंपनी हे काम बाहेरून आणायची आणि आमच्यासारख्या छोट्या सेंटरांना नमुन्यादाखल थोडं थोडं द्यायची. नमुना पास झाला तर मोठं काम. नापास झाला तर डेअरीवाल्यांना वरचा मजला बर्फाच्या पेट्या ठेवायला हवाच होता.

आम्हा मुलींचं सगळं त्या नमुन्यावर टांगलेलं होतं. बारावी, फार तर बी. ए. झालेल्या, न्हावऱ्यातल्याच किंवा वरवंड, राहू अशा गावांतून एस. टी. नं येणाऱ्या आम्ही. घरच्यांनी "बघू काही दिवस" म्हणून सोडलेलं. सेंटर चाललं तर आम्ही घराबाहेर, बंद पडलं तर पाहुणे बघायला येणार हे ठरलेलं. आम्ही ते आपसात बोलत नव्हतो, पण प्रत्येकीला ते ठाऊक होतं.

बाई आल्या त्या संजय सरांच्या वडिलांमुळे. शिकवायला पुण्याहून कुणी येईना. एक जण आला होता, तो चौफुल्याला एस. टी. बदलायची आहे हे कळल्यावर तिथूनच परत गेला. तेव्हा सरांचे वडील म्हणाले, "अरं, आमच्या हापिसातल्या ट्रेसरबाई रिटायर होऊन दौंडला बसल्यात. नकाशातलं त्यांना इचार की." ते स्वतः पाटबंधारे खात्यातच होते. सर दौंडला गेले. बाईंचा मुलगा रेल्वेत, घर स्टेशनपलीकडच्या वस्तीत. बाईंनी चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "संजू, मला त्यो कॉम्प्युटर येत न्हाई." सर म्हणाले, "तो मी शिकवतो. तुम्ही यांना रेघ शिकवा." पुढच्या सोमवारी बाई हजर. हातात पिशवी, डोळ्यांवरचा चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, उजव्या मधल्या बोटावर पेनानं पडलेला घट्टा. पहिले काही दिवस त्या माउस टेबलावरून उचलून हवेत धरायच्या आणि पडद्यावरचा बाण हलत का नाही म्हणून त्याच्याकडे रागानं बघायच्या. आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो. "हसा, हसा," त्या म्हणायच्या, "मी हसले का, तू मराठी शाळेत पाटीवर रेघोट्या वढत हुतीस तवा?" महिन्याभरात त्या आमच्याइतक्याच सफाईनं माउस फिरवायला लागल्या आणि आमचं हसू बंद झालं.

त्यांची एक शिस्त आम्हाला सुरुवातीला फार जाचक वाटायची. एखादी शीट पुरी झाली की त्या आम्हाला उठवायच्या आणि हॉलच्या पार पलीकडच्या भिंतीला पाठ लावून उभं करायच्या. "आता बघ तुझी शीट." एवढ्या लांबून काय दिसणार? नुसतं जाळं. "त्या जाळ्यात डोळा कुठं आडखळतो ते सांग." आणि खरंच कुठेतरी अडखळायचा. तिथे रस्ता उगीच मुरडलेला असायचा, नाहीतर दोन घरं एकमेकांत शिरलेली. "रेघ जवळनं वढायची आन् लांबनं बघायची," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा डेअरीत दूध घालायला आलेला एक म्हातारा चुकून वर आला आणि आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून ओळीनं उभे असलेले पाहून तसाच मागे फिरला. खाली जाऊन त्यानं सांगितलं, वर पोरांना शिक्षा चाललीय.

पडद्यावरच्या शीटना लांबलचक नंबर असायचे. ते बाईंच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी शीटना गावांची नावं दिली. जिच्यात मोठा तलाव ती वरवंड. नदीच्या वळणातली राहू. जिच्यात काहीच नाही, नुसतं उजाड रान, तिचं नाव त्यांनी कुठल्या गावावरून ठेवलं होतं ते लिहिलं तर भांडण होईल. ही नावं आमच्या तोंडी इतकी बसली की एकदा पुण्याच्या कंपनीतून फोन आला, काम कुठवर आलं म्हणून, तर आमच्यातल्या सुनंदानं बेधडक सांगितलं, "सर, वरवंड झालं, राहू उद्या देते." पलीकडचा माणूस बराच वेळ आपल्या यादीत अमेरिकेतलं वरवंड शोधत होता.

बाई स्वतःबद्दल फारसं बोलत नसत. एकदाच बोलल्या. संजय सरांनी पाण्याचा माठ आणला आणि तो दाराबाहेर जिन्याशी ठेवायला लावला, कॉम्प्युटरवर पाणी सांडू नये म्हणून. बाईंनी तो उचलायला लावून हॉलच्या मधोमध, दोन रांगांच्या मध्ये ठेवला. सर कुरकुरले. बाई म्हणाल्या, "माझी नोकरी लागली तवा हापिसात मला खिडकीपाशी टेबल दिलं. का? तर बाईमाणूस हाय, उजेड पायजे. पन खिडकी पार कोपऱ्यात, आन् पान्याचा माठ दुसऱ्या कोपऱ्यात, आन् त्या माठाकडं मी जायचं न्हाई असं कुनी सांगितलं नव्हतं, पन मला कळायचं. उजेड मातर चांगला हुता." एवढं बोलून त्यांनी पहिला पेला स्वतः भरून घेतला. माठ तिथेच राहिला. आमच्यात मराठा होते, माळी होते, तानाजीसारखे धनगर होते, बाईंच्या समाजाच्या दोन मुली होत्या. सगळे त्या माठाशी उभं राहून गप्पा मारायचे.

नमुन्याचं काम अर्ध्यावर आलं असताना राहूच्या सुनंदाचे वडील अचानक एका सकाळी जिना चढून आले. आबा उंचेपुरे, पांढरा फेटा, हातात मोटरसायकलची किल्ली. कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं होतं की पोरी दिवसभर कॉम्प्युटरवर नको ते बघत बसतात. त्यांनी दारातूनच हाक मारली, "सुनंदे, चल घरला. लई झालं." सुनंदाचं तोंड उतरलं. ती उठून चप्पल घालायला लागली. बाई पुढे झाल्या. "आबा, आलाईसा तर बसा. तुमची पोरगी काय बघती ते तुम्हीबी बघा, आन् मग न्या की." पावडरचा डबा पुढे केला. आबांनी गोंधळून तळवा पसरला. त्यांच्या राकट हातावर पावडर टाकून बाईंनी त्यांना सुनंदाच्या खुर्चीत बसवलं.

पडद्यावर शेतं होती. आबा पुढे वाकले. नजर हटेना. "ही विमानातनं काढलेली व्हय? आन् पानी कुठनं येतं ह्यांना?" बाईंनी ओढा दाखवला. "पीक कंचं?" ते काही कुणाला माहीत नव्हतं. मका असावा असं आबांनीच ठरवलं. चहा आला, तो थंड झाला. ही शीट, ती शीट, असं करत दुपार झाली. सुनंदाला न्यायला आलेला माणूस तिच्याच पाठीशी उभं राहून तिला सांगायला लागला, "हितं वढ की रेघ, हितं." मग आबा एकाएकी थांबले. "पन बाई, ह्या दोन शेतांच्या मधी एकच रेघ कशी? बांध कुठं गेला?"

हॉलमध्ये सगळ्यांचे माउस थांबले. खरंच की. फोटोत दोन शेतांच्या मध्ये एक काळसर पट्टा स्पष्ट दिसत होता. गवत असेल, झुडपं असतील. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावरून एक रेघ ओढून टाकलेली. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी शेत, आणि बांध म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. बांधावरून भाऊबंदकी होते, डोकी फुटतात, बांध कोरला म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि आम्ही तो सरळ खाऊन टाकला होता. बाईंनी चष्मा लावून पट्टा बघितला, लांब भिंतीपाशी जाऊन बघितला. पाटबंधाऱ्याच्या नकाशात कालव्याच्या दोन्ही अंगाची जागा त्यांनी जन्मभर दोन रेघांनी दाखवली होती. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "आबांचं खरं हाय. बांधाला जागा सोडा." संजय सर त्या दिवशी पुण्याला गेले होते. कंपनीच्या सूचनांत लिहिलं होतं, फोटोत जशी दिसेल तशी हद्द दाखवावी. तशीच दिसत होती. आम्ही मोठ्या उत्साहानं झालेल्या शीट पुन्हा उघडल्या आणि परदेशातल्या सगळ्या शेतांना बांध घालून दिले. आबा एकटेच राहूला परत गेले. जाताना लेकीला म्हणाले, "नीट कर. कुनाच्या जमिनीचं काम हाय ते."

नमुना कंपनीकडे गेला, आणि आठवड्याभरात पुण्याहून फोन आला. अख्खं काम नापास. प्रत्येक हद्द दोनदा काढलेली, दोन शेतांच्या मध्ये कुणाच्याच मालकीची नसलेली पट्टी, त्यांच्या संगणकात एकही हिशेब जुळेना. कंपनीचा क्वालिटीचा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतः येणार होता, आणि तो येतोय तो सेंटर बंद करायचं सांगायलाच, हे सरांच्या आवाजावरून कळत होतं. त्या संध्याकाळी एस. टी. त मी आणि सुनंदा शेजारी बसलो होतो. पारगावचा पूल आल्यावर ती म्हणाली, "मामाकडचं स्थळ हाय. आबा आता न्हाई म्हननार न्हाईत." मी तिचा हात धरून बसले.

आलेल्या माणसाचं नाव मेनन. तरुण, शांत, अतिशय सभ्य, आणि त्यामुळेच आम्हाला जास्त भीती वाटली. त्यानं पडद्यावरच्या दोन रेघांवर पेन्सिल टेकवून विचारलं, "ये डबल लाइन क्यों है?" सर काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "सर, दो खेत के बीच में जगह रहता है." दौंडच्या रेल्वे वस्तीत राहिल्यामुळे बाईंना हिंदीची भीती नव्हती, आणि हिंदीला बाईंकडून काही अपेक्षा नव्हती. मेनन म्हणाला, "मॅडम, वहाँ कोई जगह नहीं होती. एक का जहाँ खतम, दूसरे का वहीं से शुरू." बाई विचारात पडल्या. मग खऱ्याखुऱ्या कुतूहलानं त्यांनी विचारलं, "फिर आदमी चलता किधर से है?"

मेनननं कपाळ चोळलं आणि विचारलं, असं काढायला कुणी सांगितलं. सरांनी "टीमचा निर्णय" असं काहीतरी सुरू केलं. तानाजी अर्धवट उठला, सुनंदा खाली बघायला लागली, कारण सांगणारे तिचे आबा. बाईंनी दोघांना हातानं खाली बसवलं. "मैंने बोला," त्या म्हणाल्या. मग हिंदी पुरेना म्हणून मराठीवर आल्या आणि सरांना म्हणाल्या, "संजू, तू सांग त्यांला. चूक माझी हाय, शंभर टक्के माझी. पन त्यांला म्हनावं, सगळ्या शीट उघडून बघा. एका पोरानं एका ठिकानी तरी वेगळं केलंय का? जे सांगितलं ते समद्यांनी सारखं केलंय. चूकबी सारखीच केलीया. आता दुसरं सांगा, दुसरंबी सारखंच करत्याल. असली मानसं कुठं गावत्यात?"

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. मेनन उठला आणि शीट उघडून बघायला बसला. ही बघितली, ती बघितली. वरवंड बघितलं, राहू बघितलं. सगळीकडे तीच चूक, त्याच मापाची. शेवटी त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. म्हणाला, मी पुष्कळ सेंटरं बघितली, तिथे दहा जणांच्या दहा चुका असतात. एका आठवड्यात सगळं दुरुस्त करून द्या, मग बघू.

त्या आठवड्यात आम्ही काय काम केलं ते आमचं आम्हाला माहीत. आणि त्यातच पहिल्या दिवशी तानाजी आणि सुनंदाचं कडाक्याचं भांडण झालं. दोघांच्या शीट शेजारशेजारच्या. तानाजीनं प्रत्येक बांधाची डावीकडची रेघ पुसली, सुनंदानं उजवीकडची. त्यामुळे दोघांच्या शीट जिथे मिळतात तिथे हद्द बांधाच्या रुंदीएवढी उडी मारत होती. "तू माझ्या बाजूनं कोरलंस." "मी न्हाई, तूच आत शिरलास." आवाज एवढे चढले की खालून डेअरीवाले डोकावून गेले. कुठल्या अमेरिकन शेतकऱ्याची जमीन, आणि भांडतात कोण, तर राहूच्या पाटलांची सुनंदा आणि न्हावऱ्याच्या टकल्यांचा तानाजी. बाई दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसल्या. "दोन्ही रेघा पुसा," त्या म्हणाल्या. "बांध दोघांचा असतो. मधनं चाला." मग त्यांनी दोघांना एकाच कॉम्प्युटरवर बसवलं. आम्ही सगळ्यांनीच मग दोन्ही रेघा पुसून मधोमध नवी रेघ ओढली, पहिल्यापेक्षा दुप्पट काम. बाई स्वतः एक कॉम्प्युटर धरून बसल्या. डोळ्यांना पाणी यायचं, ते पुसून पुन्हा बसायच्या. मी एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही जरा पडा ना." तर म्हणाल्या, "मंगे, मी चुकले तर माझी चूक. तुमी घरी बसला तर ती कुनाची?" मला तेव्हा फार भरून आलं होतं. आजही लिहिताना येतं.

काम वेळेत गेलं आणि पास झालं. मोठं काम आम्हाला मिळालं. डेअरीवाल्यांनी पेढे वाटले, बर्फाच्या पेट्यांचं दुःख विसरून. संजय सर तेवढे हसत नव्हते. दोन दिवस ते बाईंसमोर यायचं टाळत होते. तिसऱ्या दिवशी बाईंनीच त्यांना माठाशी गाठलं. "काय अट घातली त्यांनी?"

सर म्हणाले, "कसली अट?"

"संजू, तुझ्या बापासंगं नोकरी केलीया मी. तोंड पाडलं की तू त्येच्यावानी दिसतूस."

अट साधी होती. यापुढे काम तपासणारा माणूस पदवीधर आणि कंपनीनं शिकवून तयार केलेला हवा, म्हणजे बाई नकोत. मेनन चांगला माणूस होता, पण त्याच्याही वर कुणीतरी होतं. सर म्हणाले, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. बाई म्हणाल्या, "खुळा हाईस का?" आणि आपल्या जागी जाऊन बसल्या. महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. आम्ही निरोप समारंभाचं ठरवलं होतं, तो त्यांनी होऊ दिला नाही. "एकदा झालाय माझा. शाल कपाटात हाय, नारळ खाल्ला." त्यांच्या जागी सरांनी पुण्याहून माणूस आणला नाही. सुनंदा बी. ए. होती, तिला कंपनीत शिकायला पाठवलं. आबांनी स्वतः मोटरसायकलवरून तिला चौफुल्याच्या गाडीपर्यंत सोडलं. ते स्थळ मागे पडलं. पुढे तिनं तिच्या मर्जीनं लग्न केलं, पण ती वेगळी गोष्ट.

बाईंची आमची गाठभेट कमी होत गेली. जयंतीला दौंडला गेलो की घरी जायचो, "जय भीम बाई" म्हणायचो, त्या खीर वाढायच्या आणि कामाचं खोदून खोदून विचारायच्या. सेंटर वाढलं. डेअरीचा मजला पुरेना म्हणून सरांनी शिरूरला हमरस्त्यालगत इमारत घेतली. गाड्यांना रस्ता दाखवणारे नकाशे आले, विमा कंपन्यांची कामं आली, सर भिंतीवर लावायचे त्या कात्रणांतलं पुष्कळसं काही आमच्या टेबलांवर आलं. गळ्यात पट्टे आले. दाराला काच आली आणि काचेला कार्ड. परदेशी गिऱ्हाइकाचा नियम असा की कार्ड नसलेल्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही.

एका दुपारी वॉचमननं मला बाहेर बोलावलं. कुणी आजी आल्यात, आत जायचं म्हणतात. बाहेर बाई उभ्या होत्या. शिरूरला एका लग्नाला आल्या होत्या, तिथून रिक्षा करून आलेल्या. बऱ्याच वाळल्या होत्या, हातात काठी. मी वॉचमनला म्हणाले, सरांना फोन लावते, बाईंना कुणी अडवायचं नाही. बाईंनी माझं मनगट धरलं. "कशाला? नियम हाय न्हवं? मी हितनं बघती."

त्या काचेपाशी गेल्या. आत लांबच लांब हॉल, रांगाच रांगा, प्रत्येक पडद्यापुढे मान खाली घातलेली एकेक मुलगी. मुलंही होती, पण मुली जास्त. बाईंनी काचेला हात टेकवला आणि बघत राहिल्या.

एवढ्यात आतून एक मुलगी घाईघाईनं आली. जेवायची सुट्टी असावी, हातात डबा. तिनं कार्ड टेकवलं, दार उघडलं, आणि दारात कोण म्हातारी उभी म्हणून म्हणाली, "आजी, जरा सरकता का?"

मी त्या मुलीला काहीतरी बोलणार होते. पण बाई केव्हाच बाजूला झाल्या होत्या. नुसत्या झाल्या नाहीत, दार मागे यायला लागलं तसं ते त्यांनी काठीच्या हातानं थोपवून धरलं. "जा, बाळ," म्हणाल्या. मुलगी गेली.

"कुनाची गं?" बाईंनी विचारलं.

मी आठवायचा प्रयत्न केला. न्हावऱ्याची की मांडवगणची. नवीन बॅचची होती. "नाव नाही येत बाई लक्षात," मी म्हणाले. "आता खूप झाल्यात."

"नावं ध्यानात ऱ्हाईनात इतक्या?"

"हो."

बाई माझ्याकडे बघून हसल्या. इतकं मनापासून हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "मग झालं," म्हणाल्या आणि काठी टेकत पायऱ्या उतरायला लागल्या.